जुनी पेटी घेताना आणि देताना

आजचा विषय घरातल्या जुन्या सामानाचा आहे, त्यातही साठवणीच्या वस्तूंचा. पेटारा, फडताळ, मांडणी, ट्रंक, कपाट. लोणंदकरांसमोर पारखीबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच. कांद्याच्या बाजारात वाढलेला माणूस गोणीच्या तोंडाशी दिसणाऱ्या कांद्यावर भाव करत नाही, तो हात तळाशी घालतो. जुन्या सामानाची निम्मी विद्या एवढीच आहे. पुढचं पॉलिश नंतर बघा, आधी मागची फळी आणि तळ बघा.

आपल्या भागात सध्या दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत. जुनी घरं उतरवली जातायत, आणि दारावर येणारा माणूस त्यातली चौकट, पेटी, फडताळ सरपणापेक्षा थोड्या जास्त भावाने उचलून नेतो. दुसरीकडे आपलीच मुलं पुण्यात फ्लॅट घेतात आणि तशीच पेटी दुकानातून, भाव ऐकून गप्प बसावं अशा किमतीला आणतात. म्हणून आज घेणं आणि देणं, दोन्ही बोलू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. आपल्या जुन्या घरात सुटं फर्निचर फार कमी होतं. बैठक जमिनीवर, जेवण पाटावर, झोपणं जाजमावर. साठवण भिंतीत होती. कोनाडे, खुंट्या, भिंतीत बसवलेली फडताळं, धान्याला बळद आणि कणगी, दूधदुभत्याला शिंकं. सुट्या लाकडी वस्तू म्हणजे पेटारा, पाट, चौरंग, मांडणी, देव्हारा, झोपाळा आणि लिहिणाऱ्याचं उतरत्या झाकणाचं बैठं डेस्क. खुर्च्या, टेबलं, आरशाची कपाटं आपल्या घरांत रुळली ती इंग्रजी अमलात. पेशवाई 1818 साली संपली. तेव्हा कोणी तुम्हाला 'पेशवेकालीन ड्रेसिंग टेबल' दाखवलं, तर चहा प्या आणि निघा. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जा आणि साठवण भिंतीत किती आहे ते मोजा. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहेच. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास सुरुवात करून दारं, दिवे, अडकित्ते, पेट्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. खऱ्या वस्तूची डोळ्याला सवय झाली की खोटी आपोआप खटकते.

फडताळाबद्दल आत्ताच सांगतो, कारण फसगत इथे जास्त होते. भिंतीतलं फडताळ म्हणजे खरं तर चौकट, दारं आणि फळ्या. मागे भिंतच असते. वाडा पडला की ते पाठीशिवाय बाहेर येतं. मग त्याला प्लायची पाठ, नव्या बाजू लावून 'जुनं कपाट' म्हणून उभं करतात. यात वाईट काही नाही, वस्तू उपयोगाची होते. पण पैसे दारांचे द्या, सगळ्या कपाटाचे देऊ नका.

आता पेटीकडे येऊ. झाकण उघडा आणि आत नाक घाला. कोंदट वास उन्हाने जातो. ताज्या रंगाचा किंवा गोंदाचा वास आला तर नवं काम कुठे झालंय ते शोधा. मग पेटी आडवी करा. दुकानदार नको म्हणाला तरी करा, आपण पैसे देणार आहोत. जुन्या फळीच्या न दिसणाऱ्या बाजूवर हाताने मारलेल्या रंध्याच्या किंवा वाकसाच्या खुणा बोटाला उंचसखल लागतात. यंत्रावर कापलेली फळी सगळीकडे सारखी असते. कोपरे बघा. फळ्यांची टोकं हाताची बोटं एकमेकांत गुंफावीत तशी बसवलेली असतील आणि ती बोटं थोडी लहानमोठी असतील, तर काम हाताचं. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर तो स्क्रू 1930 नंतरचा. एखादाच तसा असेल तर दुरुस्ती झालेली आहे. सगळेच तसे असतील तर दुकानदाराने सांगितलेल्या वयाबद्दल पुन्हा विचारा.

एक परीक्षा टेपने करायची. लाकूड वर्षानुवर्षं आकसतं ते रेषांच्या आडव्या अंगाने. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे शंभर वर्षांचा गोल चौरंग आता पुरता गोल राहिलेला नसतो. रेषांच्या बाजूने मोजा, मग आडवं मोजा. थोडा फरक निघाला तर आनंद माना. पॉलिशसाठी कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घ्या आणि मागच्या, न दिसणाऱ्या जागी टेकवा. चपड्याचं जुन्या पद्धतीचं पॉलिश लगेच चिकट होतं. हल्लीच्या टणक पॉलिशला काही होत नाही. पितळी पट्ट्यांना लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे.

लाकडात आपल्याकडे सागवान आणि शिसव यांचं कौतुक. शिसव काळपट आणि वजनाला भारी. पण बहुतेक घरांत आंबा, बाभूळ, जांभूळ हेही होतं. त्याला नाक मुरडू नये. आमच्या मते चांगल्या सांध्यांची आंब्याची मांडणी ही खिळे ठोकून जोडलेल्या सागवानापेक्षा घरात ठेवायला बरी. सागाचंही एक लक्षात ठेवा. त्याच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, सालीजवळच्या फिकट भागाला लागते. पेटीखाली आठ दिवस पांढरा कागद पसरून ठेवा. त्यावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. तशी पेटी औषध केल्याशिवाय इतर सामानाजवळ नेऊ नका. नुसती भोकं असणं हा दोष नाही. ती कदाचित पन्नास वर्षांपूर्वीची असतील.

सगळ्यात जास्त पस्तावा वस्तू खोटी निघाल्याचा नसतो, ती घरात बसत नाही याचा असतो. पेटाऱ्याचं झाकण वर उघडतं. त्यावर टीव्ही, फुलदाणी, इस्त्रीचे कपडे ठेवले की तो पुन्हा उघडत नाही. म्हणून त्यात वर्षातून दोनदा लागणाऱ्याच गोष्टी ठेवाव्यात. गोधड्या, रजया, लग्नातले शालू. जुनी कपाटं पुष्कळदा उथळ असतात, कारण कपडे घडी घालून ठेवायची पद्धत होती. हँगरला आत साधारण 55 सेंटिमीटर खोली लागते. ती नसेल तर दांडी बसवायचा हट्ट सोडा आणि फळ्याच ठेवा. जिना आणि दार मोजल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. घरात लहान मूल असेल तर जड झाकणाला आधाराची कडी बसवून घ्या आणि आपोआप लागणारी कडी काढून टाका. मुलं लपायला पेटीतच शिरतात.

लोखंडाला विसरू नका. रंगवलेल्या पत्र्याच्या ट्रंका आता शहरात हौसेने घेतात. आणि गोदरेजचं कपाट! ही कंपनी 1897 साली कुलपांपासून सुरू झाली, 1923 च्या सुमारास त्यांची पोलादी कपाटं आली. आजीचं असं कपाट घरात असेल तर तळाचा गंज बघा, घासून रंग द्या, चालू द्या.

आता देण्याची बाजू. दारावर माणूस आला की लगेच हो म्हणू नका. पेटी विकायच्या आधी घासूनपुसून चकचकीत करू नका, घेणारा त्या जुन्या झळाळीलाच पैसे देत असतो. फोटो काढा, दोनतीन ठिकाणी दाखवा. आणि पेटी पूर्ण रिकामी करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. जुन्या पेट्यांत आतल्या बाजूला चोरकप्पा असू शकतो. आतली खोली मोजा, बाहेरची उंची मोजा. तळाच्या फळीच्या जाडीपेक्षा बराच जास्त फरक आला तर तळाखाली काहीतरी आहे. त्यात दागिने निघण्याची आशा ठेवू नका, कागद निघतात. मोडीतलं खरेदीखत, वाटणीपत्र, पावत्या. वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका, मोडी जाणणारी माणसं अजून आहेत. बांधाच्या भांडणात असा एखादा कागद पेटीच्या कितीतरी पट मोलाचा ठरू शकतो.

पेटी कोणाची, हाही प्रश्न असतो. वाडा चार भावांचा तर पेटीही चौघांची. जो गावात राहतो त्याने परस्पर विकली की पैशापेक्षा बोलणी जास्त होतात. आधी फोन करा.

मुलगी परदेशात आहे, तिला आजीची पेटी पाठवता येईल का, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू त्यात मोडत नसेल, तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. शिसवी असेल तर त्या लाकडाच्या निर्यातीचे निर्बंध वेगळे. आम्ही त्या ताईंना म्हटलं, पेटी इथेच राहू द्या, मुलीला आतली साडी पाठवा.

शेवटचा प्रश्न ठेवण्याच्या जागेचा होता. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापते, तिला लावून जुनं लाकूड ठेवलं की फळ्या फाटतात. पावसाळ्यात ओल चढते. चार पायांखाली फरशीचे तुकडे घाला, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, आणि मागे झाडू जाईल एवढी जागा सोडा.