बाळंतिणीचे ताट : पथ्य किती, पोषण किती

वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद व देणगीदारांची नामावली यांसोबत आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाची माहिती वाचकांपुढे ठेवण्याचा प्रघात आम्ही पाळत आलो आहोत. यंदा विषय घेतला आहे बाळंतिणीच्या आहाराचा. तो घरगुती वाटेल. त्यात नवीन ते काय सांगणार, असेही कोणी म्हणेल. परंतु मंठा, परतूर, जिंतूर, लोणार या भागांतील गावांतून प्रसूतीसाठी येणाऱ्या भगिनींचे नातेवाईक डॉक्टरांना व परिचारिकांना पहिला प्रश्न विचारतात तो असा की, हिला काय काय द्यायचे नाही? काय द्यावे, असे विचारणारे त्या मानाने थोडेच भेटतात. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

आम्ही वैद्यक नव्हे, हिशेबाची माणसे. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी समजावून दिलेली गोष्ट हिशेबाच्याच भाषेत मांडतो. साधारण प्रसूतीतही पाव ते अर्धा लिटर रक्त जाते. पुढे दूध नीट उतरू लागले की माता दररोज सुमारे पाऊण लिटर दूध बाळाला देते. हा खर्च रोजचा आहे आणि तो थांबवता येत नाही. ताटातून भरपाई झाली नाही तर शरीर तो साठ्यातून भागवते. कॅल्शियम हाडांतून काढले जाते, चरबी व स्नायू झिजतात. बाळाचे दूध मात्र बहुतांशी कसदारच राहते. म्हणून बाळ बाळसे धरते, घरातील मंडळी समाधान पावतात आणि तोटा आईच्या खात्यावर चढत राहतो. तो दिसतो तो वर्ष-दोन वर्षांनी, कंबरदुखी, चक्कर, धाप या रूपाने, किंवा पुढच्या बाळंतपणात. बाळ गुटगुटीत आहे म्हणजे आई पुरेसे जेवते आहे, असे अनुमान काढू नये, एवढे या लेखातून लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले. अ जीवनसत्त्व, ब-१२ जीवनसत्त्व व आयोडीन यांची गोष्ट वेगळी आहे. ती आईच्या आहारात कमी पडली तर दुधातही कमी पडतात.

यातही आरंभीची शिल्लकच कमी असते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रियांचे खाते बाळंतपणापूर्वीच तुटीत आहे.

आपल्याकडील जुन्या बाळंतपणाच्या आहाराला नावे ठेवण्याची हल्ली पद्धत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, खारीक-खोबरे-गोडंबी, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, वर तुपाची धार आणि जेवणानंतर बाळंतशेपा. ज्या कोणा आजीबाईंनी हे ताट प्रथम मांडले, त्यांना थकलेल्या देहाला काय हवे याची चांगलीच जाण होती. अळिवात लोह आहे, बाजरीतही आहे, तुपा-डिंकात ताकद आहे. मात्र लाडू म्हणजे जेवण नव्हे. लाडवातून उष्मांक मिळतात, प्रथिने त्या मानाने बेताचीच. सकाळी एक लाडू उत्तम. लाडू खाल्ला म्हणून दुपारचे वरण नको, हे बरोबर नाही. लाडवाने दूध वाढते हा समजही तपासून घ्यावा. दूध वाढते ते बाळाला वरचेवर पाजल्याने.

अडचण आहे ती या आहाराभोवती उभ्या राहिलेल्या निषेधांची. डाळ वातूळ म्हणून बंद. भाताने टाके पिकतात म्हणून भात बंद. पालेभाजीने बाळाला हिरवी शी होते, केळी-दह्याने सर्दी होते, म्हणून तीही बंद. शेवटी उरते ती भाकरी आणि चटणी. टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने, भाताने नव्हे. उलट जखम भरून येण्यास प्रथिने लागतात, आणि शाकाहारी घरात ती प्रामुख्याने डाळीतूनच येतात. ज्या तालुक्याच्या शिवारात तूर, मूग, हरभरा पिकतो, तेथील बाळंतिणीने डाळीवाचून राहावे, ही गोष्ट आम्हांस फार खटकते. गॅसेसची भीती वाटत असेल तर मुगापासून आरंभ करावा, हिंग-जिऱ्याची फोडणी द्यावी आणि आठवड्याभरात तुरीच्या वरणावर यावे.

पाण्याचा निषेध तर याहून वाईट. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. मराठवाड्याच्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत बसलेल्या बाळंतिणीला घोटभर पाण्यावर ठेवले तर लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, डोकेदुखी हे ठरलेलेच. पाणी कोमट असावे की थंड, हा घरच्या आवडीचा भाग. तहान लागेल तेव्हा ते मिळावे.

आता ताटाचे प्रत्यक्ष गणित. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला नेहमीपेक्षा रोज सुमारे ६०० कॅलरी व १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. आकडा मोठा वाटतो. परंतु ज्वारीची एक जास्तीची भाकरी, दाट वरणाची एक वाटी, एक पेला दूध आणि मूठभर शेंगदाणे गुळाच्या खड्यासह, एवढ्यात तो पुरा होतो. त्याला मेथी, शेपू किंवा तांदुळजा यांपैकी एक भाजी, तिळाची अथवा कारळाची चटणी आणि वर लिंबाची फोड यांची जोड द्यावी. लिंबाने अन्नातील लोह अंगी लागते. जेवणालगतचा चहा नेमके उलट करतो. ज्या घरी अंडी चालतात तेथे रोज एक उकडलेले अंडे द्यावे. बाजारातील महागड्या पावडरींचे डबे भेट म्हणून आणले जातात. तेवढ्या पैशांत महिनाभराची तूरडाळ येते.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार केला आणि लिहायचे ठरवले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी लाडवांचा डबा भरलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो लहान होतो, आणि पुन्हा मुलगी झाली तर काही घरी तो येतच नाही. शरीराचा खर्च प्रत्येक वेळी तोच, किंबहुना वाढलेलाच असतो. सव्वा महिना संपला की ती सर्वांच्या मागून जेवू लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर दिवाळीनंतर तान्ह्या बाळासह कोपीवर जावे लागते. तेथे पहाटे फडात जाण्यापूर्वी भाकरी थापणारी तीच. अशा भगिनींना आम्ही एवढेच सुचवतो की, शेंगदाणे, गूळ, फुटाणे यांची पुरचुंडी सोबत बांधून न्यावी. ती चुलीवाचून खाता येते.

गोळ्यांविषयी थोडक्यात. प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची रोज एक आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या घ्यावयाच्या असतात. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये; दोहोंत काही तासांचे अंतर असावे. लोहाने शौचास काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. अंगणवाडीतून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत मातेला पूरक आहार मिळतो, आणि तोही ६०० कॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिनांच्या प्रमाणात योजलेला आहे. म्हणजे वाढीव गरज भागेल इतके शासनाकडून येते. फक्त घरी आल्यावर त्याचे पाच-सहा वाटे पडतात आणि तिच्या वाट्याला घासभर उरतो. ते तिचे एकटीचे आहे, हे घरातील कर्त्या माणसाने ठरवावयाचे आहे.

आपल्या रुग्णालयात प्रसूत मातांना देणगीदारांच्या साहाय्याने जे भोजन दिले जाते, त्यात वरण, पालेभाजी व लिंबू रोज असते. पहिल्या दिवशी अनेक ताटांतील वरण तसेच परत येते. परिचारिका आजीबाईंशी बोलतात, त्यांच्या शंकांना उत्तरे देतात. मग हळूहळू वाटी रिकामी होऊ लागते. घरी सोडताना आहाराची माहिती एकट्या बाळंतिणीला देऊन भागत नाही, कारण घरी गेल्यावर वाढणारा हात दुसऱ्याचा असतो. म्हणून त्या वेळी सासूबाई किंवा आई, आणि शक्य तर बाळाचे वडील, यांनी अवश्य थांबावे. सहा आठवड्यांनी तपासणीस येताना हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्यावे. त्याच दिवशी सोबतच्या मंडळींनी वाटल्यास रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात डोकावून आमचे वरण किती दाट असते, तेही पाहून जावे.