तिजोरी उघडणे (किल्ली हरवल्यास)

तिजोरीची किल्ली हरवली, मोडली वा तिचे कुलूप गंजून निकामी झाले, तर आतील वस्तूंना इजा न होऊ देता व शक्य असल्यास तिजोरीही पुन्हा वापरता येईल अशा रीतीने ती उघडणे, हे कुलूपविद्येचे एक महत्त्वाचे अंग आहे. चोर व कारागीर दोघांनाही दार उघडावयाचेच असते. परंतु चोराला केवळ वेळेची काळजी असते, तर कारागिराला आतील ऐवजाची. जुन्या घरातील तिजोरीत दागिन्यांपेक्षाही खरेदीखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे, हिशेबाच्या वह्या व छायाचित्रे यांचे मोल अधिक असू शकते. सोने तापले तरी सोनेच राहते. मृत्युपत्राचा मूळ कागद जळाला, तर तो पुन्हा मिळत नाही. म्हणून कोणती पद्धत वापरावयाची हे मुख्यतः आत काय असण्याचा संभव आहे, यावर ठरते.

रचना : सामान्य जुन्या तिजोरीला आत व बाहेर अशी पोलादी पत्र्यांची दोन कवचे असतात. त्यांमधील पोकळीत उष्णतारोधक पदार्थ भरलेला असतो. दारातील जाड अडसर मुठीने सरकतात व चौकटीतील भोकांत बसतात. किल्लीने फिरणारे कुलूप हे अडसर स्वतः सरकवीत नाही. ते आपल्या लहान अडसराने मोठ्या अडसरांची यंत्रणा केवळ अडवून धरते. त्यामुळे तेवढा एक लहान अडसर मागे सरकला की मुठीने संपूर्ण दार उघडते. किल्लीविना तिजोरी उघडण्याच्या बहुतेक सर्व सुधारलेल्या पद्धती या एका गोष्टीवर आधारलेल्या आहेत.

तिजोरीचे कुलूप बहुधा तरफांचे असते. एकाच खिळ्यावर बसविलेल्या अनेक सपाट तरफा स्प्रिंगांनी खाली दाबलेल्या असतात. प्रत्येक तरफेला एक खाच असते. किल्लीच्या पात्यावरील निरनिराळ्या उंचीचे दात प्रत्येक तरफ ठराविक उंचीपर्यंत उचलतात, तेव्हा सर्व खाचा एका रेषेत येतात व अडसरावरील खुंटी त्यांतून पार जाते. एखादी तरफ कमी उचलली गेली किंवा जास्त उचलली गेली, तरी खुंटी अडते. सात तरफा असून प्रत्येकीच्या सहा उंची शक्य आहेत असे धरले, तर २,७९,९३६ निरनिराळ्या किल्ल्या संभवतात. दिसेल ती किल्ली घालून पाहण्याने तिजोरी का उघडत नाही, हे यावरून लक्षात येईल.

इतिहास : तरफ दोन्ही बाजूंनी अडविण्याची कल्पना रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात आणली. जोसेफ ब्रामा यांनी १७८४ मध्ये सरकत्या पट्ट्यांच्या नव्या प्रकारच्या कुलपाचे एकस्व मिळविले. जेरेमाया चब यांनी १८१८ मध्ये ‘शोधक’ कुलूप तयार केले. या कुलपात चुकीच्या साधनाने एखादी तरफ प्रमाणाबाहेर उचलली गेली, तर ती वरच अडकून पडते. त्यानंतर खऱ्या किल्लीनेही कुलूप लगेच उघडत नाही व कोणीतरी छेडछाड केल्याचे मालकाला समजते. ही कुलपे अभेद्य आहेत, असा समज १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनापर्यंत होता. त्या वर्षी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन तज्ञाने चब कुलूप सु. २५ मिनिटांत उघडले. लंडनच्या पिकाडिली भागातील दुकानात बक्षिसासह आव्हान म्हणून ठेवलेले ब्रामा कुलूपही त्याने १६ दिवसांत मिळून सु. ५१ तास काम करून उघडले व २०० गिनींचे बक्षीस मिळविले. पुरेसा वेळ, हत्यारे व ज्ञान असल्यास कोणतेही कुलूप उघडते, हे यामुळे सिद्ध झाले. तेव्हापासून कुलपाचे सामर्थ्य ते उघडण्यास लागणाऱ्या वेळात मोजण्याचा दृष्टिकोन दृढ होत गेला.

भारतात आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना सुरू केला व १९०२ मध्ये तिजोऱ्या बनविण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रातील अनेक जुन्या पेढ्या, दुकाने व वाडे यांत या किंवा इंग्लंडमधून आयात केलेल्या तिजोऱ्या आढळतात.

पूर्वतपासणी : हत्यार हाती घेण्यापूर्वी किल्लीचा कसून शोध घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. तिजोरीबरोबर बहुधा दोन किल्ल्या मिळत. दुसरी किल्ली नातेवाईक, मुनीम किंवा वकील यांच्याकडे ठेवलेली असण्याचा संभव असतो. काही तिजोऱ्यांत किल्लीचे भोक पितळी नामपट्टी, फिरती झाकणी किंवा शोभेचे फूल यांखाली दडविलेले असते, तर काहींना दोन किल्ल्या एकामागून एक लावाव्या लागतात. त्यामुळे किल्ली हाती असूनही ती निरुपयोगी ठरविली जाते. बनविणाऱ्याचे नाव, अनुक्रमांक व दारावरील खुणा नोंदवून ठेवल्यास त्यांवरून आतील रचनेचा अंदाज येतो.

किल्ली आहे पण फिरत नाही, असेही वारंवार घडते. उष्णतारोधक म्हणून भरलेली तुरटी किंवा जिप्सम यांत स्फटिकजल असते. आगीत ते वाफेच्या रूपाने बाहेर पडून आतील तापमान रोखून धरते. जिप्समात ते वजनाच्या सु. २१ टक्के असते. परंतु अनेक दशकांत हाच ओलावा पत्र्यांना व कुलपाला गंज चढवितो. जुने तेल घट्ट होऊन तरफा एकमेकींना चिकटतात. अशा वेळी पातळ तेल सोडून काही दिवस वाट पाहणे व किल्ली हलक्या हाताने मागे-पुढे करणे उपयुक्त ठरते. जोर लावल्यास किल्ली भोकातच मोडते व साधे काम अवघड होते. शोधक कुलपात तरफ अडकली असल्यास खरी किल्ली उलट दिशेने फिरविल्यावर ती सुटते.

पद्धती : (१) नवी किल्ली बनविणे : कुशल कारागीर कोरी किल्ली कुलपात घालून तिच्यावर तरफांच्या दाबाने उठणाऱ्या खुणा पाहतो व त्याप्रमाणे दात कानशीने थोडेथोडे घासतो. हे काम चिकाटीचे आहे; परंतु यात तिजोरीला ओरखडाही पडत नाही व शेवटी वापरण्याजोगी किल्ली हाती येते. (२) हत्याराने तरफा उचलणे : एका साधनाने अडसरावर हलका ताण ठेवून दुसऱ्याने एकेक तरफ योग्य उंचीवर आणतात. गंजलेल्या कुलपात बोटांना लागणारा स्पर्शाचा अंदाज चुकतो. (३) भोक पाडणे : वरील उपाय थकल्यास कुलपाच्या विशिष्ट भागासमोर काही मिमी. व्यासाचे एकच भोक पाडतात. त्यातून अंतर्दर्शकाने आत पाहून तरफा जुळवितात किंवा खुंटी मोकळी करतात. कुलपासमोर कठीण पोलादाची पट्टी असल्यास टंगस्टन कार्बाइडाची टोके वापरावी लागतात. नंतर भोक कठीण पोलादाच्या खुंटीने बुजवून वितळजोडाने बंद करतात व कुलूप बदलतात. (४) कापणे : तिजोरीची पाठ वा कूस दारापेक्षा कमी मजबूत असते. ती यंत्राने कापल्यास तिजोरी बहुधा कायमची निकामी होते. ऑक्सिॲसिटिलीन ज्योतीचे तापमान ३,०००° से. हून अधिक असल्याने तिने कापताना आतील कागद करपण्याचा मोठा धोका असतो. घण व पहार यांचा उपयोग सर्वांत अनिष्ट होय. कारण कुलूप ठोकून आत ढकलल्यास काही तिजोऱ्यांतील दुय्यम खटका सुटतो व अडसर पूर्वीपेक्षा पक्के बसतात.

अंकांच्या कुलपात किल्ली नसते. तबकडी ठराविक अंकांवर फिरवून आतील चकत्यांच्या खाचा जुळवितात. तीन चकत्या व शंभर अंक असल्यास दहा लाख जुळण्या होतात. परंतु एखाददुसऱ्या अंकाची चूक कुलूप चालवून घेते, त्यामुळे प्रत्यक्ष संख्या पुष्कळच कमी असते. दुसऱ्या महायुद्धकाळात लॉस ॲलॅमॉस येथे काम करणारे भौतिकीविज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तेथील कुलपांबाबत ही संख्या ८,००० पर्यंत खाली आणली होती. एका सहकाऱ्याचे कपाट तर त्यांनी गणितातील e या स्थिरांकाच्या अंकांवरून (२७–१८–२८) उघडले. यंत्रणेपेक्षा माणसाची सवयच अधिक दुबळी असते, असे यातून दिसते.

धोके : काही जुन्या तिजोऱ्यांच्या भरणात ॲस्बेस्टस असते. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास गंभीर विकार होतात. म्हणून अशा भिंती कोरड्या कापणे वा फोडणे टाळतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही अमेरिकन तिजोऱ्यांच्या दारात क्लोरोपिक्रिन या अश्रुकारक द्रवाच्या काचेच्या कुप्या बसविलेल्या असत. त्या फुटल्यास डोळे व श्वसनमार्ग यांना इजा होते. आगीतून वाचलेली तिजोरी पूर्ण थंड होण्यापूर्वी उघडणे हाही मोठा धोका होय. आतील अतितप्त कागदांना हवेतील ऑक्सिजन मिळताच ते पेट घेतात. सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत असे प्रकार घडल्यामुळे बँकांना आपली कोषागारे निवण्याची अनेक दिवस वाट पाहावी लागली.

वैधानिक बाजू : तिजोरी ज्याच्या ताब्यात आहे, तोच आतील ऐवजाचा मालक असतो असे नाही. मूळ मालक मृत असल्यास सर्व वारसांना पूर्वसूचना देऊन, निःपक्षपाती साक्षीदारांसमक्ष तिजोरी उघडणे व निघालेल्या प्रत्येक वस्तूची यादी करून तिच्यावर सह्या घेणे इष्ट असते. किल्ली हरवल्याने होणारे नुकसान थोडे असते. संशयाने होणारे पुष्कळ. तिजोरी उघडून मागणाऱ्याची ओळख व अधिकार पडताळून पाहणे, हे कारागिराचेही कर्तव्य होय. बँकांतील लॉकरांबाबत भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांत, लॉकर फोडून उघडताना बँकेचा अधिकारी व दोन स्वतंत्र साक्षीदार उपस्थित असावेत, तसेच चित्रीकरण व वस्तूंची यादी करावी, अशी तरतूद आहे.

किल्ली हरवण्याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, याचे अलीकडील ठळक उदाहरण ओडिशातील पुरी येथील श्री जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराचे आहे. एप्रिल २०१८ मध्ये तपासणी पथकाला आतील दालन बाहेरूनच पाहून परतावे लागले. त्यानंतर त्या दालनाची किल्ली सापडत नसल्याचे उघड झाले व मोठा वाद उद्भवला. जूनमध्ये जिल्हा कार्यालयात दुय्यम किल्ल्यांचा लखोटा मिळाला. परंतु १४ जुलै २०२४ रोजी दालन उघडताना हाती असलेल्या किल्ल्यांनी कुलपे उघडली नाहीत. शेवटी ती दंडाधिकाऱ्यांसमक्ष तोडण्यात आली. येथील दागिन्यांची आधीची यादी १९७८ मधील होती. कुलपे तोडण्यास फारसा वेळ लागला नाही. परंतु तोडण्याचा निर्णय, त्याचे साक्षीदार व नंतरची व्यवस्था ठरविण्यास वर्षे लागली.

उघडल्यानंतर : दार उघडताच वस्तू भराभर बाहेर काढू नयेत. दमट तिजोरीतील कागद एकमेकांना चिकटलेले व ठिसूळ असतात. ते सावलीत, वाहत्या हवेत हळूहळू कोरडे होऊ द्यावेत व चिकटलेले कागद ओढून सुटे करू नयेत. वस्तू ज्या क्रमाने ठेवलेल्या होत्या, तो क्रमही नोंदवावा. कोणता कागद कोणत्या कप्प्यात, कशाबरोबर होता यावरून त्याचा अर्थ पुष्कळदा उलगडतो. तिजोरी पुन्हा वापरावयाची असल्यास कुलूप उघडून साफ करतात, तरफांचा क्रम बदलून नव्या किल्ल्या करून घेतात व दुसरी किल्ली तिजोरीबाहेर, विश्वासू व्यक्तीकडे, लेखी नोंद करून ठेवतात.