मांजराच्या पिलास उंबऱ्याबाहेरची मुभा

मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या भातशेतीच्या गावात, जिथे धान्याची कणगी आणि उंदीर यांचे सख्य पुरातन आहे, मांजरास आजन्म घरात कोंडण्याची कल्पना कोणासही हास्यास्पद वाटेल. खरा प्रश्न, पिलास केव्हा आणि कोणत्या बंदोबस्ताने सोडावे, एवढाच उरतो.

बिबट्याची धास्ती रास्तच आहे, परंतु पिलाचा पहिला वैरी अदृश्य असतो. आतडी आणि पांढऱ्या रक्तपेशी यांवर आघात करणारा मांजरांचा पार्व्हो विषाणू परिसरात वर्षभरही तग धरू शकतो; यास्तव सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून आरंभ होणारी, सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत चालणारी लसींची मालिका आणि तिसऱ्या महिन्यानंतरची रेबीजची लस पुरी होईतो अंगणाचा मज्जावच असावा. मादी तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते आणि सुमारे ६३ ते ६५ दिवसांत विते. तेव्हा शस्त्रक्रिया आधी, स्वातंत्र्य मागाहून.

पहिली फेरी दिवसाउजेडी आणि जेवणवेळेच्या किंचित आधी घडवावी, कारण मार्जारजात हाकेपेक्षा वाटीच्या आवाजाशी अधिक इमानी! तिन्हीसांजेस मात्र पिलू घरात हवे. ती जशी त्याच्या शिकारीची वेळ, तशीच बिबट्याची आणि घोणसीचीही.

उंदरांसाठी वापरले जाणारे झिंक फॉस्फाईड जठरातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन हा विषारी वायू निर्माण करते, आणि असा उंदीर खाल्लेल्या मांजरासही ते बाधू शकते. शेजारच्या खाचरात आमिष टाकल्याची वर्दी मिळताच काही दिवस नजरकैदेचा अंमल करावा, मग दाराशी कितीही फिर्याद चालो.