गाजरगवताचा दुहेरी उपद्रव

मृगाच्या सरी होऊन गेल्यावर नांदेड-लातूरकडील शिवारांत, बांधांवर, पाणंदीच्या दोन्ही अंगांस आणि गावठाणाच्या पडीक जागेत जे बारीक पांढऱ्या फुलांचे गवत माजते, ज्याला कोणी गाजरगवत तर कोणी काँग्रेस म्हणतात, ते मूळचे उष्ण अमेरिकेतले. 1955 च्या सुमारास पुण्यात त्याची दखल घेतली गेली, आणि एकेका झाडाच्या हजारो बियांच्या बळावर त्याने अल्पावधीत साऱ्या मुलखाचा कब्जा घेतला. पिकाचे नुकसान उघड दिसते. परंतु खुरपणीला जाणाऱ्या माणसांच्या देहावर ते जो अंमल गाजवते त्याची पुरती दाद अद्याप लागलेली नाही, आणि याचे एक कारण, माझ्या मते, असे की हे उपद्रव वस्तुतः दोन असून आपण त्यांना एकच समजतो.

पहिला उपद्रव प्रतिपिंडांचा. परागकण श्वासावाटे आत गेले म्हणजे काही विशिष्ट प्रकृतीच्या माणसांत त्यांच्याविरुद्ध आय.जी.ई. नामक प्रतिपिंडे निर्माण होतात व नाका-डोळ्यांच्या अंतस्त्वचेतील मास्ट पेशींवर चिकटून राहतात. पुढे तोच पराग पुन्हा आला, आणि त्यातील प्रथिनाने दोन लगतची प्रतिपिंडे एकाच वेळी पकडली, की त्या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात. शिंका, नाक गळणे, डोळ्यांची आग, क्वचित दमा, हे सर्व त्याचेच परिणाम. रक्तात असे काही असते हे प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर यांनी 1921 साली दाखविले: क्यूस्टनरला मासे सोसत नसत, त्याच्या रक्तद्रवाचे टोचण प्राउस्निट्झने स्वतःच्या कातडीत घेतले, आणि दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचताच गांधी उठली. त्या द्रव्याची ओळख पटण्यास मात्र 1966-67 साल उजाडावे लागले.

दुसरा उपद्रव त्वचेचा, आणि त्यात प्रतिपिंडांचा मुख्य हात नाही. गवतातील पार्थेनिन हे सूक्ष्म द्रव्य कातडीतील प्रथिनांशी संयोग पावते, लँगरहान्स पेशी ती वर्दी लसिकाग्रंथींपर्यंत पोचवितात, आणि तेथे टी-पेशी तिची नोंद दप्तरात करावी तशी कायम ठेवतात. पुन्हा संसर्ग झाल्यावर या पेशी त्वचेत जमून दाह माजवितात. पण त्यास एक ते तीन दिवस लागतात. घोटाळा होतो तो येथेच. सोमवारी खुरपणी झालेली असते, बुधवारी पापण्या सुजतात, मान आणि कोपराची लवण खाजू लागते, आणि दोष जातो आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीवर किंवा अंगातल्या उष्णतेवर. मग पथ्य चालते, गवतातले काम सुटत नाही, आणि कातडी जाड व काळवंडलेली होत जाते. शिंकांना उतार देणारी हिस्टामिनविरोधी गोळी येथे पुरेशी ठरत नाही. पाठीवर संशयित द्रव्याची पट्टी लावून दोन दिवसांनी पाहण्याची चाचणी त्वचारोगतज्ज्ञ करतात. खरा अपराधी तीतून सापडतो.

म्हणून ज्यांना हा विकार जडला आहे त्यांना गवत उपटण्याच्या कामाला लावू नये. वाळलेल्या गवताच्या चुऱ्यातही ते द्रव्य शाबूत असते. इतरांनी फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असतानाच, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ते मुळासकट काढावे. गाजरगवत जागृती सप्ताह दरसाल 16 ते 22 ऑगस्टला येतो. ग्रामपंचायतींनी त्याची वाट न पाहता जुलैतच हे काम हाती घ्यावे.