‘याचा उपयोग काय?’

कलाशाखेच्या विद्यार्थ्याची एका प्रश्नापासून सुटका नसते. ‘हे शिकून उपयोग काय?’ घरचे विचारतात, शेजारचे विचारतात, लग्नकार्यात भेटलेले पाहुणेही विचारतात. विज्ञानशाखेच्या मित्राला सहसा हे कुणी विचारत नाही. विज्ञान म्हणजे उपयोग, असे आपण गृहीतच धरलेले असते. परंतु ज्ञान आणि उपयोग यांचे नाते विज्ञानातही इतके सरळ नाही. बीजगणित, समुद्रातील शेवाळ आणि समुद्रातीलच विषाणू अशी तीन निरनिराळ्या क्षेत्रांतली उदाहरणे घेऊन हे नाते तपासून पाहू.

पहिले उदाहरण एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाचे. तो १८११ साली जन्मला आणि १८३२ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, द्वंद्वयुद्धात गोळी लागून मरण पावला. त्याने एका चमत्कारिक विषयाचा अभ्यास केला होता. आपल्या नेहमीच्या संख्या कधी संपत नाहीत; पण मोजक्याच संख्यांचे एखादे जग असू शकेल काय? आठवड्याचे वार घ्या. रविवारला ० म्हणा, सोमवारला १, याप्रमाणे शनिवारला ६. शुक्रवारपासून चौथा दिवस मंगळवार. म्हणजे या जगात ५ अधिक ४ बरोबर २! येथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार हे चारही व्यवहार बिनबोभाट चालतात. सातांचे हे जग पूर्वीही ठाऊक होते. गाल्वाने १८३० मध्ये दाखवले की अशी ४, ८, ९ किंवा २५६ घटकांची जगेही उभारता येतात. त्याची बरीचशी हस्तलिखिते त्याच्या हयातीत छापलीही गेली नाहीत. लिऊव्हिल या गणितज्ञाने ती १८४६ मध्ये प्रसिद्ध केली.

उपयोग? तो दिसायला शतकाहून अधिक काळ लोटावा लागला. १९६० साली अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या अमेरिकन गणितज्ञांनी संदेशातील चुका दुरुस्त करण्याची एक रीत मांडली. तिचे मर्म सोपे आहे. एखादी सरळ रेषा कळवायला दोन बिंदू पुरतात. आपण मुद्दाम पाच धाडले आणि वाटेत एक बिघडला, तर उरलेले चार एका रेषेत राहतात व चुकार कोण ते लगेच उघडे पडते. हे गणित यंत्राकडून अचूक करून घ्यायचे तर मोजक्या संख्यांचे जग हवे, आणि ते गाल्वाने आधीच बांधून ठेवले होते. १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ या यानाने युरेनसजवळून पाठवलेली छायाचित्रे याच रीतीने शाबूत पोहोचली. आज भाजीच्या गाडीवरचा क्यूआर कोड एका कोपऱ्यात पुसट झाला तरी मोबाइल तो वाचतो, त्यामागेही २५६ घटकांचे तेच जग आहे.

दुसऱ्या उदाहरणात प्रवास उलटा झाला. तेथे उपयोग आधी होता, ज्ञान मागाहून आले. जपानमध्ये डायजेनिया नावाचे तांबडे समुद्रशैवाल जंतांवरचे घरगुती औषध म्हणून पूर्वापार दिले जाई. १९५३ मध्ये तेथील रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून कायनिक आम्ल वेगळे काढले. पुढे ध्यानात आले की या आम्लाची घडण ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला उत्तेजित करताना बहुधा ग्लुटामेटचाच निरोप धाडते. कायनिक आम्ल हा निरोप फार मोठ्या आवाजात देते, आणि अतिउत्तेजनाने पेशी मरून जाते. १९७० नंतरच्या दशकात उंदरांवरील प्रयोगांत त्याचा वापर करून शास्त्रज्ञ अपस्मारासारख्या मेंदूविकारांचा अभ्यास करू लागले.

अशाच दुसऱ्या जपानी शैवालातून १९५८ साली डोमोइक आम्ल मिळाले होते. त्याची नोंद झाली आणि विषय जणू मिटला. १९८७ च्या अखेरीस कॅनडात, प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, काही दगावली. वाचलेल्यांपैकी कित्येकांना नवे काही आठवेनासे झाले. शोध घेता विष निघाले ते डोमोइक आम्लच; शिंपल्यांनी खाल्लेल्या सूक्ष्म शैवालातून ते आले होते. त्या जुन्या नोंदीमुळे गुन्हेगाराची ओळख काही दिवसांतच पटली. आता शिंपले बाजारात येण्यापूर्वी अनेक देशांत या विषाची तपासणी होते.

तिसरे उदाहरण असे, की त्यात उपयोग शोधू नये. समुद्राच्या पाण्यात विषाणू फारसे नसावेत, असा समज बराच काळ होता. १९८९ साली नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजले, तेव्हा काही ठिकाणी एका मिलिलिटरात २५ कोटींपर्यंत विषाणू आढळले! यांतील बहुतेक विषाणू माणसाच्या वाटेला जात नाहीत. त्यांचे भक्ष्य म्हणजे जीवाणू. समुद्रातील सूक्ष्मजीवांपैकी सुमारे पंचमांश ते रोज मारतात, असा अंदाज आहे. फुटलेल्या पेशींतील द्रव्ये पाण्यात मिसळून इतर सूक्ष्मजीवांचे पोषण करतात. ज्याला आपण केवळ मारक समजत होतो, तोच समुद्राच्या स्वयंपाकघरातला वाढपी निघाला. या ज्ञानाने तूर्त कुणाचे घर चालणार नाही. मात्र आपण ज्या समुद्राकाठी फिरायला जातो तो समुद्र आता पूर्वीचा राहिला नाही, हे थोडे का झाले?

तेव्हा ‘उपयोग काय?’ हा प्रश्न चुकीचा नव्हे. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या वडिलांना तो विचारण्याचा अधिकार आहे. त्याला एकच ठरलेले उत्तर नाही, एवढेच. प्रत्येक ज्ञानाला कधीतरी फळ येतेच, असेही म्हणता येणार नाही. परंतु गाल्वाची हस्तलिखिते कुणी सांभाळली नसती, १९५८ ची ती नोंद कुणी केलीच नसती, तर पुढच्यांच्या हाती काय लागले असते? मोडी दप्तर वाचणाऱ्याने किंवा आपल्या बोलीतले शब्द गोळा करणाऱ्याने या प्रश्नापुढे ओशाळण्याचे कारण नाही. उपयोग केव्हा आणि कुणाला होईल हे आपल्या हाती नसते. काम चोख करणे आणि ते नीट लिहून ठेवणे, हे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.