कुत्रा दत्तक घेतलाय? पहिले ३ महिने महत्त्वाचे

डोळखांबसारख्या जंगलालगतच्या गावांत राखणीसाठी रस्त्यावरचा कुत्रा घरी आणला जातो. तो गुरगुरला, पळाला, की ‘हा माणसाळणार नाही’ म्हणून पुन्हा सोडून दिला जातो. खरं तर तो घाबरलेला असतो.

रुळायला किती वेळ लागतो?
प्रशिक्षकांचं ढोबळ गणित ३-३-३ : भीती ओसरायला ३ दिवस, घराची शिस्त कळायला ३ आठवडे, विश्वास बसायला ३ महिने.

भीती कशी ओळखाल?
शेपूट पायांत, कान मागे, वारंवार जांभई किंवा ओठ चाटणं. गुरगुरणं हा इशारा आहे. त्यावर मारलं, तर पुढे तो इशारा न देताच चावू शकतो. तो खाताना, झोपलेला असताना मुलांना लांब ठेवा.

शिकवायचं कसं?
खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर लगेच बाहेर न्या. बाहेर शी-शू केली, की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्या. उशिरा रागावलात, तर कारण त्याला कळत नाही.

रात्री कुठे ठेवाल?
बिबट्याचा वावर असेल तर अंगणात बांधू नका, बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. दार बंद करून घरात ठेवा.

लस कधी?
रेबीजची पहिली लस साधारण ३ महिन्यांच्या वयात, पुढची पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण सहसा वाचत नाही.