ख्रिस्ती जीवनांतील नेम

आपल्या मराठींत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोज न चुकतां पाळावयाचा नियम हा एक, आणि बाण सोडण्यापूर्वीं धरावयाचा रोख हा दुसरा. आजच्या विषयांत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. ख्रिस्ती मनुष्यानें आपलें जीवन पूर्णपणें प्रभूला वाहावें, असें उपदेशांतून आपण ऐकतों. परंतु हें वाहणें एखाद्या दिवशीं अंतःकरण उचंबळून आलें असतां घडतें व तेथेंच संपतें, अशी पुष्कळांची समजूत असते. शिस्त म्हटली कीं मग दुसऱ्याची आज्ञा मुकाट्यानें ऐकणें, एवढाच अर्थ मनांत येतो. या समजुती कितपत खऱ्या आहेत, हें पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून पाहूं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थीं फिरत. आई लक्ष्मीबाई दिवस उजाडण्यापूर्वीं मुलीला संस्कृताचा पाठ देत. रमाबाईंचें हिंदु स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं प्रसिद्ध झालें, तें त्यांनीं या आईच्याच स्मृतीस अर्पण केलें. पहाटेच्या अभ्यासाचें हें वळण कोणा मिशनऱ्यानें लावलेलें नव्हे. तें एका ब्राह्मण मातेनें लावलें होतें. ख्रिस्ती शिस्तीविषयीं बोलतांना ही गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच खरा प्रश्न उभा राहिला. ज्या मठांत त्या उतरल्या होत्या, तेथील भगिनी जेराल्डिन त्यांच्या धर्मांतील मार्गदर्शक. जेराल्डिनबाईंचें म्हणणें असें कीं, चर्चचे सिद्धांत नवशिक्या शिष्येनें विनम्रपणें स्वीकारावे. रमाबाईंना त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं शंका होत्या व त्या त्यांनीं लपविल्या नाहींत. चेल्टनहॅमच्या विद्यालयांत त्या संस्कृत शिकवूं लागल्यावर, त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवूं नये असा आक्षेप हिंदुस्थानांतील बिशपांनीं घेतला; तोहि त्यांनीं मानला नाहीं. मांसाहार तर त्यांनीं शेवटपर्यंत केला नाहीं. भगिनींना हा सारा अहंकार वाटे. रमाबाईंचें उत्तर थोडक्यांत असें होतें कीं, पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, तें दुसऱ्या पुरोहितांच्या हातून पुन्हां चढवून घ्यावयाचें नाहीं. सदसद्विवेकबुद्धि ईश्वरानें दिली, ती गहाण टाकतां येत नाहीं.

येथें जेराल्डिनबाईंची बाजू अगदींच टाकाऊ होती असें मला वाटत नाहीं. आज्ञापालनाचें व्रत मनुष्याला स्वतःच्या लहरींपासून वांचवितें, आणि हट्टाला विवेक म्हणण्याची चूक भल्याभल्यांच्या हातून होते. मग हट्ट कोणता व विवेक कोणता, हें ओळखावें कसें? माझ्या मतें खूण एकच: दुसऱ्याचें बंधन नाकारणारा मनुष्य स्वतःला त्याहून कठीण बंधन घालून घेतो कीं नाहीं, हें पाहावें.

बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें गेल्यावर रमाबाईंच्या ध्यानांत आलें कीं, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म लाभला, खुद्द ख्रिस्त लाभला नाहीं. १९०७ सालच्या आत्मनिवेदनांत त्यांनीं हें मोकळेपणानें लिहिलें आहे. त्यानंतरचें त्यांचें कार्य सर्वांस ठाऊक आहे: १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून आणलेल्या मुली, केडगांवचें मुक्तिसदन, गुजरातच्या दुष्काळानंतर वाढलेला तो अफाट संसार. परंतु मला सांगावयाचें आहे तें त्याहून कमी गाजलेलें काम.

पन्नाशीच्या जवळ आलेल्या या बाईनें हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास धरला. हेतु हा कीं, पवित्र शास्त्र मूळ भाषांतून मराठींत आणावें, आणि तें खेड्यांतल्या अल्पशिक्षित बाईला समजेल अशा मराठींत. रूढ भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. कलकत्त्याच्या पंडितांनीं ज्यांना संस्कृतावरील प्रभुत्वासाठीं ‘सरस्वती’ ही पदवी दिली, त्यांनींच आपल्या लेखणींतून जड संस्कृत शब्द वेंचून काढीत बसावें! येणारी विद्या शिकणाऱ्यासाठीं बाजूला ठेवणें हा त्याग उपवासापेक्षां सोपा नव्हे. संस्थेची चूल, आजारीपण, हिशेब, पत्रव्यवहार हें सर्व सांभाळून, कानांनीं अधू असतां, हें काम सुमारें १८ वर्षें चाललें. इतक्या वर्षांचा उत्साह कोणाच्याच अंगीं नसतो. उत्साह ओसरला त्या दिवशींहि मागील ओळीनंतरची ओळ लिहिली गेली पाहिजे, आणि ती लिहिली गेली.

पुढें मराठी मंडळ्यांत बायबल सोसायटीचेंच भाषांतर रूढ राहिलें. म्हणून रमाबाईंचे श्रम फुकट गेले असें म्हणणारे भेटतात. कोणीं वाचावें हें त्यांच्या हातीं नव्हतें. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली. कामाची सारी भिस्त ज्या मुलीवर होती ती गेली, तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण शास्त्र छापून निघालें तें १९२४ सालीं, केडगांवच्याच छापखान्यांत, जेथें खिळे जुळविण्याचें, छापण्याचें व बांधणीचें काम मुक्तिसदनांतल्या बायका करीत असत.